सात कार्टी: एका ऑस्ट्रेलियन कादंबरीच्या अनुवादाच्या नोंदी

१४ जुलै २०२४

चार प्रकरणं पाण्यात गेली, तिथून ही वही सुरू करते. कुणी असंच काम अंगावर घेणार असेल तर माझे गेलेले पाच आठवडे तरी त्याचे वाचावेत.

झालं असं. दादा सिडनीत पॅरामॅटाला राहतो. त्याची लेक, म्हणजे माझी भाची, एप्रिलच्या सुट्टीत सांगलीला आली तेव्हा तिच्या पिशवीत 'लुकिंग फॉर अलिब्रँडी' होती. मेलिना मार्केटाची, १९९२ सालची. सिडनीतलं इटालियन घर, शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी, तिला एकटीनं वाढवलेली आई, नाकावर राग असलेली आजी आणि इतक्या वर्षांनी अचानक उगवलेला बाप. वर्षभर पुरेल इतका टोमॅटोचा रस करून ठेवायचा एक सबंध दिवस आहे त्यात, सगळं गणगोत जमतं. मी वाचलं आणि मला आमच्या गच्चीवरच्या कुरडया दिसल्या. चिकाचं पातेलं, पदर खोचलेल्या काकू, आणि मैत्रिणी बघतील म्हणून जिन्यात लपलेली मी. जूनमध्ये अनुवादाला बसलेच.

पाचव्या आठवड्यात छपाईच्या धंद्यातला एक जुना मित्र चहाला आला. म्हणाला, "हक्क घेतलेस का?"

नव्हते घेतले. आधी परवानगी, मग भाषांतर, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघायचं टाळत होते इतकंच. चार प्रकरणं कपाटात गेली.

२१ जुलै

हक्कांची भानगड नको म्हणून मागे मागे गेले आणि सगळ्यांच्या मुळाशी जाऊन पोचले. इथेल टर्नर, 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स', १८९४. सिडनीजवळ नदीकाठच्या घरात राहणारी सात भावंडं. सहा जणांची आई वारलेली. बाप लष्करात कॅप्टन, कडक. सावत्र आई एस्थर फक्त २० वर्षांची, आणि सातवं बाळ तिचं. तेरा वर्षांची ज्यूडी ही त्यातली सगळ्यांत वांड, आणि पुस्तक संपायच्या आत ती मरते. लेखिकेला हे घर परकं नसावं. दोन वर्षांची असताना तिचे वडील गेले, आठव्या वर्षी सावत्र वडील गेले, आणि १८७९मध्ये आई मुलींना घेऊन इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला आली.

आता हिशेब, जो यावेळी आधी केला. टर्नर ८ एप्रिल १९५८ला वारल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे १ जानेवारी २०१९पासून भारतात हे पुस्तक मोकळं. ऑस्ट्रेलियात मात्र ७० वर्षं, म्हणजे २०२८ संपेपर्यंत बांधलेलं. ज्या पुस्तकाची माणसं तिकडची, ते मी सांगलीत छापू शकते आणि दादा सिडनीत छापू शकत नाही. त्याला तिथल्या मराठी वर्गासाठी ४० प्रती हव्या होत्या. नाही म्हणून कळवलं. थोडा रुसला.

४ ऑगस्ट

पहिलं पान. लेखिका सुरुवातीलाच बजावते की गुणी मुलांच्या गोष्टी वाचायच्या असतील तर पुस्तक खाली ठेवा. इंग्लंड, अमेरिका, आफ्रिका, आशियातली पोरं गुणी असतीलही, मला ठाऊक नाही, पण ऑस्ट्रेलियात तसलं मूल सापडत नाही. 'आशिया'पाशी मला हसू फुटलं. बाई, सांगलीला येऊन बघायचं होतं.

'मॉडेल चाइल्ड'ला आधी 'आदर्श बालक' लिहिलं. एकदम शाळेच्या भिंतीवरचा फळा. मग 'गुणी बाळ' केलं. त्याला आपल्याकडे जो तिरकस सूर आहे तो फुकटात मिळाला.

नावाचं तसंच. 'सात छोटे ऑस्ट्रेलियन' हे सहलीच्या यादीसारखं वाटतं. 'सात कार्टी' सुचलं ते आईच्या तोंडून ऐकलेल्या शब्दामुळे. ती चिडली की आम्ही दोघं 'कार्टी', आणि खूश असली तरीही 'कार्टी'.

घराचं नाव 'मिसरूल', म्हणजे बेशिस्त कारभार. नावं बदलायची नाहीत म्हणून तसंच ठेवलं. दर रविवारी शेजारची पाच मुलं जमवून झालेला भाग मोठ्यानं वाचून दाखवायचा असं ठरवलंय, सहावी ते नववीतली आहेत. पहिल्याच रविवारी आठवीतल्या एकाला हसू आवरेना. त्याला 'मिसरूड' ऐकू येत होतं. ज्या वयाचं पुस्तक आणि जे वय समोर बसलेलं, त्यात घराचं नाव मिसरूड! तासभर काही वाचून झालं नाही.

'सावळागोंधळ', 'अंधेरनगरी', 'गोंधळवाडा' असं लिहून लिहून खोडलं. शेवटी 'बेबंद'. मूळ नाव रिव्हर हाउस, पण लोक त्याला बेबंद म्हणतात. चाललं.

१८ ऑगस्ट

तू की तुम्ही, यात दोन आठवडे गेले. इंग्रजीला हा त्रास नाही. मराठीत तोंड उघडलं की आधी नातं ठरवावं लागतं.

बाप: 'बाबा, तुम्ही'. यावर वाद नाही, तो माणूस 'तू' ऐकून घेणाऱ्यातला नाही. खरी पंचाईत एस्थरची. मुलं तिला नावानं हाक मारतात. थोरली मेग १६ वर्षांची, एस्थर २० वर्षांची. मी आधी 'एस्थरआई' केलं. वाचून दाखवलं तर आश्रमातल्या माताजी वाटायला लागल्या. मग नुसतं 'एस्थर', आणि 'तू'. पहिल्या प्रकरणात एकदाच 'सावत्र आई' म्हटलं.

ते एकदाच पुरलं. तीन रविवार झाल्यावर सहावीतली मुलगी विचारते, "ही छळ कधी करणार?" ती वाट बघत होती! आपल्या कहाण्यांत सावत्र आईला दुसरं काम नसतं. आणि ही बिचारी मुलांच्यातच मूल, घर आवरता येत नाही, हसते, आळस करते. त्या एका शब्दानं मी पोरांना भलत्या वाटेला लावलं होतं. आता लिहिलंय: 'बाबांनी दुसरं लग्न केलं ती एस्थर'. बसलं.

भावंडांत आपल्याकडे मेगची 'मेगताई' झाली असती. मी नाही केलं. ही मुलं एकमेकांना नावानंच ओरडतात, त्यांच्यात कुणी कुणाला जुमानत नाही. (या निर्णयाची फळं पुढे जानेवारीत.)

२२ सप्टेंबर

सहा प्रकरणं सलग झाली, विशेष काही नाही. बापाला पाहुण्यांबरोबर भाजलेली कोंबडी आणि मुलांना पाव-लोणी, मग एकेक पोर खाली जाऊन कोंबडी मागतं, हे समजवायला सांगलीत काही करावं लागलं नाही.

सगळ्यांत धाकटं बाळ म्हणजे 'जनरल'. बाप कॅप्टन आणि तान्हं पोर जनरल, हा विनोद. 'सेनापती' करून पाहिलं, लगेच संताजी-धनाजी दिसायला लागले. 'जनरल'च ठेवलं. ज्यूडी आणि तिचा भाऊ पिप या बाळाला बराकीत बापाजवळ टाकून बाँडीला मजा करायला पळतात. मुलांना हा भाग दोनदा वाचून दाखवावा लागला.

मेगचं प्रकरण जरा अडलं. मैत्रिणीच्या नादानं ती कंबर आवळून घेते, इतकी की भोवळ येऊन पडते. मी 'कंबर आवळायचा पट्टा' असं काहीतरी लिहिलं होतं. नववीतली म्हणाली, "शेपवेअर म्हणा ना." शब्द घेतला नाही, पण तिला लगेच कळलं याचा आनंद झाला. आणि हो, सोळाव्या वर्षावरची जी ओळ प्रत्येक मराठी माणसाच्या ओठावर येते ती मी टाळली आहे. मोह झाला होता.

१३ ऑक्टोबर

माझी नदी चुकली.

मी सगळी पॅरामॅटा नदी कृष्णेसारखी लिहिली होती. घाट, पायऱ्या, उन्हाळ्यात उघडी पडणारी वाळू. भाचीला दोन पानं वाचून पाठवली तर तिनं बोटीतून जाताना काढलेली चित्रफीत पाठवली. ती म्हणते, "आत्या, हे समुद्राचं पाणी आहे, वर-खाली होतं." खरंच, भरती-ओहोटीचं पाणी, काठानं खारफुटी. कोकणातली खाडी जशी. मुलं बोटीनं शहरात जातात ते या पाण्यावरून. घाट काढले, धक्का घातला, आणि जिथे 'पात्र आटलं' असं मी पदरचं घुसडलं होतं ते सगळं खोडलं. ११ पानं पुन्हा टंकावी लागली. न बघितलेल्या जागेला आपल्या गावाचा रंग आपोआप लागतो, आणि लिहिताना तो कळतही नाही.

१० नोव्हेंबर

स्टेशन.

ज्यूडी बोर्डिंग शाळेतून पळून, चालत घरी येते, लपून राहते. छाती बिघडलेली, खोकल्यातून रक्त. म्हणून शाळा सुटते आणि सगळी भावंडं एस्थरच्या माहेरी जातात, याराहॅपिनीला. आगगाडीनं ३०० मैल. मूळात याराहॅपिनी हे 'स्टेशन' आहे, आणि मी 'याराहॅपिनी स्टेशन' लिहून मोकळी झाले. तीन रविवार मुलं समजत होती की एस्थरचे आईवडील रेल्वे स्टेशनवर राहतात. "स्टेशनवर एवढी गुरं कशाला?" हा प्रश्न आला तेव्हा मला कळलं.

गुरांचं मैलोन्मैल रान म्हणजे स्टेशन. 'मळा' नाही चालत, मळ्याला पाणी हवं. 'गोठा' फार लहान. 'कुरण' बरं होतं, पण कुरणावर कुणी राहत नाही. शेवटी आमच्याकडे बोलतात तसं 'रान' केलं. 'आजोबांचं रान'. "सुट्टीत आजोबांच्या रानात जायचं" हे पोरांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच प्रकरणात 'स्क्वॉटर'. कोश म्हणतो, दुसऱ्याची जागा बळकावून राहणारा. इथे अर्थ मोठा जमीनदार, गुरं-मेंढरं बाळगणारा. पण हे लोक सरकारी म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीवर आधी जाऊन बसले आणि मग मालक झाले, आणि ती जमीन त्याआधी कुणाची होती हे उघड आहे. कोश अगदीच खोटं बोलत नाही. मी 'जमीनदार' केलं आणि मनाला लागून राहिलं.

याराहॅपिनीवर टेटावाँगा नावाचा म्हातारा आदिवासी गडी आहे. त्याचं वर्णन १८९४च्या गोऱ्या नजरेचं आहे. गुळगुळीत करून घेतलं नाही, कसं आहे तसं ठेवलं. आणि इथे एक मोठा घोळ सापडला. पहिल्या आवृत्तीत टेटावाँगाकडून ऐकलेली त्याच्या लोकांची एक गोष्ट सहलीच्या वेळी सांगितली जाते. १९००च्या आवृत्तीतून ती काढून टाकली आणि जवळजवळ शंभर वर्षं ती छापलीच नाही. माझ्याजवळचा मजकूर त्या कापलेल्या आवृत्तीचा. मी प्रकरण १८ पूर्ण करून बसले होते. पहिल्या आवृत्तीची पानं मिळवायला तीन आठवडे गेले. जुनं पुस्तक घेताना कुठल्या सालची आवृत्ती हे पहिल्या दिवशी बघा.

१५ डिसेंबर

आज तासगावला मामांकडे, द्राक्षबागेत. कामासाठीच गेले होते.

ज्यूडी कशानं मरते? झाड अंगावर पडून. सहलीच्या जागी एक प्रचंड निलगिरी उभी आहे, पानं नसलेली, आतून कुजलेली, दिवसभर डुलते आहे. वाऱ्याची एक झुळूक येते आणि ती कोसळते. खाली जनरल. ज्यूडी धावते, बाळ वाचतं, हिचा कणा मोडतो.

ते झाड आपणहून वाळलेलं नाही. चरायला रान मोकळं करायचं म्हणून बुंध्याभोवतीची साल कापून मारलेलं आहे. पूर्वी ऑस्ट्रेलियात अशी रानंच्या रानं मारली. झाड उभ्या उभ्या मरतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी अंगावर येतं. हा एक शब्द हुकला तर ज्यूडीचं मरण म्हणजे नुसता अपघात होतो.

मी 'वठलेलं झाड' लिहिलं होतं. सुंदर शब्द, पण वठतं ते आपलं आपण. मग 'वठवलेलं' केलं. वाचल्यावर लक्षात आलं की वठवतात ती भूमिका, नाटकात. झाड अभिनय करतंय!

मामांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, गर्डलिंग." सुरी घेतली आणि वेलापाशी बसले. दोन पातींची वाकडी सुरी असते, ती खोडाभोवती एकदा फिरवायची, काडीएवढ्या रुंदीची सालीची पट्टी निघते. आत ओला, पांढरट कडा. पानांत झालेलं अन्न खाली मुळाकडे न जाता घडाकडे राहतं, मणी फुगतो. "जखम महिन्याभरात भरून यायला पाहिजे. पट्टी रुंद निघाली, आत खोल गेली, की वेल गेला म्हणून समज. तुझ्या त्या लोकांनी मुद्दाम रुंद काढली." त्यांनी काढलेली पट्टी मी घरी आणली, टेबलावर आहे, आता वाळून गुंडाळी झालीय.

'गर्डलिंग केलेलं झाड' हे तासगावात कळेल, अमरावतीत नाही. म्हणून अखेर: 'बुंध्याची साल गोल कापून फार पूर्वी मारून ठेवलेलं झाड'. लांबलं. पण 'मारून ठेवलेलं' आलं.

१२ जानेवारी २०२५

प्रकरण २१. पहिला खर्डा एका रात्रीत झाला आणि मला वाटलं आयुष्यात काही चांगलं लिहिलं तर हेच. लिहिताना रडले. त्याच वेळी संशय यायला हवा होता.

रविवारी वाचलं. सगळे गप्प. मग सहावीतली म्हणाली, "ताई कोण? नवीन आली का?"

मी २० प्रकरणं 'मेग' लिहून मरणाच्या वेळी ज्यूडीच्या तोंडी 'ताई' घातलं होतं. रडवायला. मला वाटलं होतं कुणाला कळणार नाही, नुसतं काळजाला लागेल. ११ वर्षांच्या पोरीनं पाच शब्दांत पकडलं.

१९ जानेवारी

तो खर्डा लाल पेनानं वाचला. सापडलेला माल: 'प्राणज्योत मालवली', 'काळाने झडप घातली', 'देवाघरी', 'कोवळी कळी'. टर्नरबाईंच्या मजकुरात यातलं एकही नाही. हे सगळं वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीतून माझ्या हातात आलेलं. गेल्या फेब्रुवारीत आईच्या चौकटीचा मजकूर मीच लिहिला होता, तिथेही 'प्राणज्योत' होती. आई दवाखान्यात पहाटे ४ला गेली. दादा पोचला तो दहाव्याला. या प्रकरणातही बाप ३०० मैलांवर आहे, लेकीजवळ पोचलेला नाही. तेव्हा मी कुणाचं प्रकरण लिहीत होते ते उघड आहे.

दुसरा खर्डा उलट्या टोकाचा झाला, पोलीस पंचनाम्यासारखा. तिसऱ्यात एक नेम केला: मूळात जेवढे शब्द, त्यापेक्षा जास्त नाहीत, आणि लेखिका जे सांगत नाही ते मीही सांगायचं नाही. 'ताई' काढलं. विशेषणं मोजून काढली, २३ निघाली. त्यातली दोन परत ठेवली.

२ फेब्रुवारी

तरी एक जागा अडून होती. ज्यूडी घाबरलेली आहे, मेगला म्हणते काहीतरी म्हण. मेग एक भजन म्हणायला लागते: थकलेल्यांनो, माझ्याकडे या, मी विसावा देईन. पहिल्या खर्ड्यात मी तिथे अभंग बसवला होता. ख्रिस्ती घरातली मुलगी सिडनीच्या बाजूला अभंग का म्हणेल? दुसऱ्या खर्ड्यात मी स्वतः चार ओळी जुळवल्या. त्या यमकांची आठवण नको.

मिरजेत एक ख्रिस्ती बाई आहेत, निवृत्त परिचारिका, आईच्या ओळखीच्या. त्यांच्याकडे गेले. मी इंग्रजी ओळ वाचली आणि त्यांनी न थांबता पुढचं म्हटलं: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तयचं शुभवर्तमान, अकरावा अध्याय. मराठीत हे केव्हापासून तयार पडलं होतं आणि मी घरी बसून यमकं जुळवत होते. आपल्या भाषेत ख्रिस्ती माणसं शे-दोनशे वर्षं प्रार्थना करताहेत, रेव्हरंड टिळकांनी तर भजनंच्या भजनं लिहिली, आणि मला त्यातलं काही आठवलं नाही, अभंग आठवला.

'विसावा' मिळाल्यावर पुढची ओळ आपोआप बसली. कारण ज्यूडी लगेच चिडून म्हणते, मी दमलेली नाही, मला नकोय विसावा. बाई हे ऐकून थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वॉर्डात पोरं असंच म्हणायची. मोठी माणसं नाही म्हणत."

९ फेब्रुवारी

वाचलं. कुणी काही विचारलं नाही. आठवीतला चपला घालताना म्हणाला, "पुढच्या रविवारी शेवटचं का?" हो म्हटलं.

२३ मार्च

छपाई. या भागासाठी तरी ही वही उपयोगी पडावी.

मी सगळं युनिकोडमध्ये टंकलेलं. प्रेसमधल्या माणसाकडे जुना फॉन्ट, तो मजकूर त्यात बदलून घेतो. बदलताना 'दुसऱ्या', 'वऱ्हांडा', 'तऱ्हा' यातला र गेला, आणि 'ॲ'च्या जागी चौकोन. मी प्रूफ मोबाइलवर बघून 'ठीक' कळवलं. मोबाइलवर चौकोन फार लहान दिसतात. १२ प्रती छापून झाल्यावर पान ७ उघडलं: 'वहांड्यात बसलेला कॅप्टन'. त्या १२ रद्दीत गेल्या.

हिशेब: पानं १९२, मांडणी पानाला २५ रुपये, म्हणजे ४,८००. छपाई आणि बांधणी प्रतीला १४५ रुपये, ५० प्रतींचे ७,२५०. वाया गेलेल्या १२ प्रतींचे १,७४०. कागदी प्रूफ दोनदा, ६२०. एकूण १४,४१०. कागदी प्रूफ आधी घेतलं असतं तर १,७४० वाचले असते, आणि मांडणीवाल्याशी झालेली बोलाचालीही. त्याचं पूर्ण चुकलं असं नाही, 'ठीक' मी लिहिलं होतं.

एकूण काळ आठ महिने. शब्द साधारण ४१ हजार.

११ मे

दादा आठवड्यासाठी आलाय, आईच्या नावावरचं घर आमच्या नावावर करायचंय. काल रात्री कधीतरी त्यानं पुस्तक वाचून संपवलं. सकाळी चहाला बसलो तर शेवटचं प्रकरण उघडून पुढ्यात ठेवलं. ज्यूडी गेल्यानंतरचा बाप. तो आता वऱ्हांड्याच्या त्या टोकाला विडी ओढायला बसत नाही, कारण तिथून वाढलेलं गवत दिसतं आणि गवतात, उन्हात, गुलाबी फ्रॉकमधली ज्यूडी ते कापताना दिसते. दादाला तिथे काही म्हणायचं नव्हतं. बोट त्याखालच्या ओळीवर होतं.

मी लिहिलं होतं: 'उरलेली सहा मुलं त्याला आता अधिक जवळची झाली, आणि तो त्यांच्यावर माया करू लागला.'

"इंग्रजीत असंच आहे?"

आणलं, बघितलं. नाही. मूळात आहे की मुलं त्याला जवळची झाली, पण त्यानं ते दाखवलं फारच थोडं. प्रकरण २१ला मी नेम केला होता तो २२ला विसरले.

"तू त्याला चांगला करून टाकलायस," दादा म्हणाला. "काढ ते."

५० पैकी ४३ प्रती गेलेल्या आहेत. त्या तशाच राहतील. उरलेल्या सातांत आणि फाइलमध्ये दुरुस्ती: पान १९०, ओळ ६. 'ज्यूडी गेल्यावर उरलेली सहा मुलं त्याला अधिक जवळची झाली. ते दिसलं मात्र फारसं नाही.' सात चिठ्ठ्या कापल्या, दादानं डिंक लावला.